‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांनी तुझं काम जवळून बघितलेलं नाही

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय, थोडं छोटं करून देतेय.

“ताई, मी ३२ वर्षांची, रोज कल्याणहून ठाण्याला येते, वीस-बावीस माणसांच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. गेल्या वर्षी स्वतःचं ऑफिस सोडून आम्ही को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात आलो. सगळे एकाच हॉलमध्ये, केबिन फक्त साहेबांना. माझ्या टेबलाला लागून सेल्सची टीम, दिवसभर फोन, त्यातले काही स्पीकरवर. एन्ट्री करताना आकडे चुकतात, एकच ओळ तीन-तीनदा बघते. संध्याकाळी मान धरते, डोकं भणभणतं. साडेसातनंतर हॉल शांत होतो म्हणून थांबते, मग घरी पोचायला साडेनऊ, तोवर चार वर्षांचा मुलगा झोपलेला असतो. घरून काम करावं तर वन बीएचके. हेडफोन दिवसभर घातले की कान दुखतात. साहेबांना सांगितलं तर म्हणाले सवय होईल, लोकलमध्ये नाही का लोक वाचत बसत. मागच्या महिन्यात १९ तारखेला सेल्सच्या एका मुलावर मी सगळ्यांसमोर ओरडले, तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. बाकीच्यांना जमतं मग मलाच का नाही? माझ्यातच काही कमी आहे का?”

अगं नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण पत्रभर मला तोच प्रश्न टोचत होता. तुझ्यात काही कमी नाही. तुझं काम असं आहे की शेजारच्या बोलण्याचा त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, हे तपासून बघितलेलं आहे.

१९७६ साली कॉल आणि वेल्श नावाच्या दोघा संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना पडद्यावर एकामागोमाग अक्षरं दाखवायची, ती त्याच क्रमानं लक्षात ठेवायची, एवढंच काम. मागे कुणीतरी जर्मन भाषेत वाचतंय, ऐकणाऱ्यांना जर्मन येत नाही, आणि त्यांना सांगितलेलं की तिकडे लक्षच देऊ नका. तरी चुका वाढल्या. पुढे १९८२ मध्ये सलामे आणि बॅडली यांनी आकडे घेऊन असंच केलं, तर मागचं बोलणं आकडे विसरायला लावायचं पण नुसती खरखर मात्र तसं करत नव्हती. म्हणजे आवाज मोठा आहे की लहान हा मुद्दाच नाही, तो माणसाच्या बोलण्याचा आहे का, सारखा चढतो-उतरतो-बदलतो का, हा मुद्दा आहे. डोक्यात आकडे क्रमानं धरून ठेवणं आणि कानावर शब्द पडणं, दोन्हीची जागा एकच असल्यासारखं होतं.

आता तू काय करतेस ते बघ. पुरवठादाराच्या बिलावर नंबर आहे शून्य चार सात नऊ, तो डोक्यात धरून तू जीएसटी पोर्टलवरच्या टूबीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीत, शोधतेयस, नजर बिलावरून स्क्रीनवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो, आणि नेमका त्याच सेकंदाला शेजारून येतं, “सर सैंतालीस में फायनल करते हैं ना, फोर्टी सेव्हन, हां, सत्तेचाळीसच धरा.” एकच आकडा तीन भाषांत, त्यात मराठीत आधी सात आणि मग चाळीस. तू स्क्रीनवर पोचतेस तेव्हा हातात शून्य सात चार नऊ उरतं. हे लक्ष नसण्याचं लक्षण नाहीये, आकडा खरंच डोक्यात होता आणि कुणीतरी तो हलवला.

साहेबांच्या लोकलचंही सांगते, कारण ते वाक्य तुला फार लागलेलं दिसतंय. लोकलमध्ये शंभर माणसं एकदम बोलत असतात, पंखे, रुळांचा आवाज, सगळं मिळून एक गोधडी होते, कुठलंच एक बोलणं वेगळं कानात शिरत नाही. खूप आवाज एकत्र झाले की त्रास कमी होतो, एक-दोनच आवाज स्पष्ट ऐकू येत असले की जास्त होतो. त्याच डब्यात तुझ्या अगदी कानाशी उभी असलेली बाई फोनवर भांडायला लागली तर बघ पुस्तक पुढे सरकतंय का. आणि फोनवरचं बोलणं तर आणखी वाईट, कारण अर्धंच ऐकू येतं. लॉरेन एम्बरसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच दाखवलं, दोन माणसांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा फोनवरची एकच बाजू ऐकताना लोकांच्या कामात जास्त चुका झाल्या, कारण पलीकडचा काय म्हणाला असेल हे आपलं डोकं आपल्याला न विचारता भरत बसतं. तुझ्या शेजारी दिवसभर अशी अर्धी संभाषणं चालू आहेत. शिवाय लोकलमधला माणूस वाचतो ते मजेसाठी, एखादी ओळ निसटली तर काही बिघडत नाही, तुझी ओळ निसटली तर कंपनीचे पैसे जातात.

आणि मान. तू ती सहज लिहिलीस पण मी तिथे थांबले. २००० साली इव्हान्स आणि जॉन्सन यांनी ४० क्लार्क बायकांना तीन तास ऑफिसातल्या साध्या, फार मोठ्या नाही अशा गोंगाटात बसवलं. विचारलं तर त्या म्हणाल्या की काही विशेष ताण जाणवला नाही, पण लघवीच्या तपासणीत ताणाचं संप्रेरक वाढलेलं होतं, पुढे दिलेली अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली, आणि गोंगाटात असताना खुर्चीत हलणं, टेबल-खुर्ची नीट करून घेणं त्यांनी शांत खोलीतल्या बायकांपेक्षा कमी केलं. म्हणजे आवाजाला अडवण्यात अंग इतकं गुंततं की पाठ-मान हलवायचंही राहून जातं. तुझ्या संध्याकाळच्या मानेची एक मुळी तिथे असू शकते. तेव्हा ‘बाकीच्यांना जमतं’ हेही सोडून दे, त्या बायकाही जमतंय असंच सांगत होत्या.

मी स्वतः अकरा वर्षं एका ऑफिसात बिलिंग बघितलंय, कुठलं ते राहू दे. माझ्या मागे टेलिफोन होता. एकदा मागे कुणीतरी नंबर लिहून घेत होतं, मोठ्यानं एकेक आकडा म्हणत, आणि मी ४५,६०० चा चेक ५४,६०० चा काढला. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही आणि आलं तेव्हा मला जे वाटलं ते मला आजही आठवतं, म्हणून तुझं ‘माझ्यातच काही कमी आहे का’ मला परकं वाटत नाही. त्यातून मला एक गोष्ट मिळाली ती तुला देते, कदाचित तुला माहीत असेलच. आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी ९ नं भाग जातो. माझा फरक ९,०००. म्हणजे टॅली जुळत नसेल आणि फरकाला ९ नं भाग जात असेल तर आधी उलटा आकडा शोधायचा.

हा ९ तुला साहेबांकडे जाताना उपयोगी पडेल. पुढचे दोन आठवडे एक वही ठेव, मोबाइलमध्ये नको, वहीच. चूक सापडली की एक ओळ लिही. “१६ तारीख, ३:१०, बिल ४,२८० चं, पडलं ४,८२०, फरक ५४०, शोधायला ४० मिनिटं, शेजारी स्पीकरवर कॉल.” बस. कुणाचं नाव लिहायचं नाही, कोण बोलत होतं ते लिहायचं नाही, वैताग लिहायचा नाही. दोन आठवड्यांत अशा आठ-दहा ओळी झाल्या की त्यातल्या ९ नं भाग जाणाऱ्या वेगळ्या कर. आजवर तू साहेबांना काय सांगितलंस, की आवाज होतो. आवाजाला ‘सवय होईल’ हे उत्तर असतं. ४० मिनिटं गुणिले दहाला ते उत्तर चालत नाही. आणि जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, चुकीचं घेऊन वापरलं गेलं तर १८ टक्क्यांनी व्याज बसतं हे त्यांना तुझ्याइतकंच माहीत आहे, फक्त त्या व्याजाचा आणि शेजारच्या स्पीकरफोनचा संबंध कुणी त्यांच्यासमोर मांडलेला नाही.

पण नुसती वही दाखवून परत येऊ नकोस, काहीतरी एकच आणि देता येईल असं माग. इथे मी तुझं पत्र परत परत वाचलं आणि मला एक दिसलं जे बहुतेक तुझ्या इतकं जवळ आहे की तुला दिसत नाहीये. तुझे अडचणीचे दिवस कुठले? ७ ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला टूबी येते, २० ला थ्रीबी म्हणजे कर भरायचं रिटर्न. म्हणजे खरा दाब ८ ते ११ आणि १४ ते २०. तू ओरडलीस ती तारीख १९ होती, नाही का. आता सेल्सचे दिवस कुठले? टार्गेट महिन्याचं असतं, त्यांची धावपळ २५ पासून ३०-३१ पर्यंत. तुमचे मोठे दिवस एकमेकांवर येतच नाहीत! तेव्हा तू महिनाभर शांतता मागत नाहीयेस, महिन्यातले दहा-अकरा दिवस मागतेयस, तेही सेल्सला त्यातल्या त्यात हलके असलेले. त्या दिवसांत तुझं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला, किंवा साहेब बाहेर असतील तेव्हा दुपारी त्यांची केबिन, किंवा को-वर्किंगची छोटी मीटिंग रूम रोज दोन तास तुझ्या नावावर. बहुतेक को-वर्किंगमध्ये मीटिंग रूमचे काही तास भाड्यातच धरलेले असतात आणि ते वाया जातात, तुमच्या करारात किती आहेत ते ॲडमिनला विचार. साहेबांना म्हण, “सर, मला १४ ते २० रोज ११ ते १ आत बसू द्या, एक महिना करून बघू, वही चालू ठेवते, फरक पडला नाही तर सोडून देऊ.” महिन्याभराच्या प्रयोगाला नाही म्हणणं कठीण असतं.

ते म्हणतील की सगळे एकत्र बसले की टीमवर्क होतं म्हणून तर हॉल घेतला. वाद घालू नकोस, पण तुझ्या मनात असू दे की २०१८ मध्ये बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी भिंती काढून टाकणाऱ्या दोन कंपन्यांत माणसांच्या अंगावर यंत्रं लावून मोजलं, तर समोरासमोरचं बोलणं ७० टक्क्यांच्या आसपास कमी झालं आणि मेल-मेसेज वाढले. लोक सगळ्यांसमोर बोलायचं टाळायला लागतात, हेडफोन घालून बसतात. तुमच्या हॉलमध्ये तू आणि तो मुलगा याचंच उदाहरण झाला आहात.

त्या मुलाचं आता.

आधी त्याच्याशी बोल, वही नंतर, साहेब तर त्याच्याही नंतर. उलट क्रमानं गेलीस तर त्याला वाटेल तू तक्रार केलीस, आणि तो त्याच टेबलावर पुढची दोन वर्षं बसणार आहे. सगळ्यांसमोर ओरडलीस ते चुकलं, हे तुलाही माहीत आहे म्हणूनच पत्रात लिहिलंस. पँट्रीत चहा घेताना, दोघंच असताना, “१९ तारखेला मी तुझ्यावर ओरडले ते मी करायला नको होतं, सॉरी, रिटर्न अडकलं होतं आणि राग तुझ्यावर निघाला.” एवढंच, त्याच दिवशी पुढचं काही मागायचं नाही. सॉरीला लागून मागणी आली की सॉरी खोटी वाटते. दोन दिवस जाऊ देत.

मग त्याला विचार की तुला तरी फोनवर नीट ऐकू येतं का. मला जवळजवळ खात्री आहे की तो म्हणेल नाही. १९११ मध्ये लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी दाखवलं की आजूबाजूला आवाज वाढला की माणूस स्वतःचा आवाज आपोआप वाढवतो, त्याला कळतही नाही. सेल्सचे चारजण एकमेकांवर आवाज चढवत बसलेले असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसराच ओरडतोय. त्यात दोन्ही कान झाकणारा हेडसेट घातला की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, मग माणूस आणखी मोठ्यानं बोलतो. हे त्याच्या स्वभावाचं काही नाही. म्हणून स्पीकर बंद करून एकाच कानाचा, तोंडाशी माइक येणारा हेडसेट घेतला तर त्याला क्लायंट नीट ऐकू येतो, क्लायंटला तो नीट ऐकू येतो, आणि त्याचा आवाज स्वतःहून खाली येतो. काही हेडसेटमध्ये आपलाच आवाज आपल्या कानात हळू ऐकू येण्याची सेटिंग असते, साइडटोन म्हणतात तिला, ती चालू करायला सांग. चार हेडसेटचा खर्च साहेबांकडे तुम्ही दोघांनी मिळून मागा, एकट्या अकाउंट्सनं मागण्यापेक्षा सेल्सनं मागितलेलं लवकर मंजूर होतं हे तुला मी सांगायला नको. आणि हो, आपले लोक फोनवर चालत बोलतात, त्याला चालायचंच असेल तर लिफ्टच्या बाजूला चालू दे, तुझ्या खुर्चीमागे नको, हे सरळ सांगता येतं, दोस्ती झाल्यावर.

आता हेडफोन. आवाज कापणारे महागडे हेडफोन घ्यायच्या विचारात असशील तर थांब. ते एसीची घरघर, विमानाचं इंजिन असे खालच्या पट्टीतले, एकसारखे आवाज छान कापतात, बोलणं तेवढं कापत नाहीत. उलट घरघर गेली की बोलणं अजून स्वच्छ ऐकू येतं आणि दहा-वीस हजार घालवून माणूस रडकुंडीला येतो. त्यापेक्षा केमिस्टकडे किंवा ऑनलाइन फोमचे मऊ इअरप्लग मिळतात, फार स्वस्त असतात. फक्त बहुतेक लोक ते नुसते कानात दाबतात आणि काही उपयोग नाही म्हणून फेकतात. हात धुऊन प्लग दोन बोटांत उदबत्तीच्या काडीसारखा बारीक होईपर्यंत वळायचा, मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतला मार्ग सरळ होतो, प्लग आत सरकवायचा आणि बोटानं अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा. आत तो फुगत जातो आणि हॉल हळूहळू लांब जातो, तो क्षण तुला कळेल. स्वतःचं बोलणं डब्यात बोलल्यासारखं घुमलं की बरोबर बसला. मळले की टाकून दे, काढताना हळू, फिरवत काढ.

प्लग घालूनही शब्द कळत असतील तर त्यावर एक एकसारखा आवाज पसर. पावसाचा, किंवा मला स्वतःला सगळ्यात जमलेला, तानपुरा. फोनवर तानपुऱ्याचे ॲप असतात, एक सूर लावून द्यायचा, त्यात शब्द नाहीत, चाल नाही, वळण नाही, तो फक्त असतो. मी बरीच वर्षं त्यावर काम केलंय. गाणी लावू नकोस, कितीही आवडती असली तरी, शब्द असलेलं गाणं म्हणजे पुन्हा तेच बोलणं, फक्त तू निवडलेलं. आता प्लगच्या वर हेडफोन घालून आवाज वाढवत जायचं असं मात्र करायचं नाही, आणि नुसते हेडफोन असतील तरी जपून. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर ८० डेसिबलच्या वर नको असा आहे, आणि डेसिबल साधा वाढत नाही, ३ नं वाढला की कानावरचा मारा दुप्पट. शेजारचा हॉल बुडवायला म्हणून आपण सहज तिथे पोचतो. म्हणून हे सगळं दिवसभर नाही. दीड तास, मग कान मोकळे. दिवसभर कशासाठी हवं, व्हाउचर लावायला, मेल करायला, फायलिंगचे कागद गोळा करायला एवढी शांतता लागतही नाही. आकडे डोक्यात धरायचं काम तेवढं त्या दीड तासात घे. कानाचं दुखणं मोकळे ठेवूनही चार-पाच दिवसांत गेलं नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखव, मळ दबलेला असतो बऱ्याचदा, पण ते त्यांनाच बघू दे.

हॉलचंही थोडं बघ. आजकाल छत उघडं ठेवतात, पाइप आणि सिमेंट दिसेल असं, खाली चकचकीत टाइल, बाजूला काच, फोटोत छान येतं पण आवाज शोषणारं तिथे काही उरतच नाही, तो या काचेवरून त्या काचेवर फिरत राहतो. १८९५ च्या सुमाराला हार्वर्डमध्ये एका व्याख्यानाच्या खोलीत शब्द घुमायचे, काही कळायचं नाही, तर सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकानं शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणून त्या खोलीत मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजत बसला. तुमच्याकडेही तेच लागू आहे. तुमच्या आणि सेल्सच्या मध्ये जाड फेल्टचा पडदा किंवा बसल्यावर डोक्याच्या वर जाईल असं कापडी पार्टिशन, तुझ्यामागच्या काचेला जाड पडदा. कंबरेएवढी प्लायची पट्टी आणि कुंड्या लावतात त्यानं दिसायला आडोसा होतो, आवाजाला नाही. हे को-वर्किंगवाल्यांना करायला सांगता येतं, पण वेळ लागेल, त्यावर अवलंबून राहू नकोस. तोवर खुर्ची फिरवून बघ, ये-जा समोर दिसत असेल तर मान दर वेळी वर जाते.

कुणी तुला सांगेल की कायदा आहे, तक्रार कर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत व्यापारी भागाला दिवसा ६५ डेसिबल अशी मर्यादा आहे खरी, पण ती परिसराच्या आवाजाची, स्पीकर-भोंगे-कारखाने यांच्यासाठी. तुमच्या हॉलमधलं बोलणं तिच्यात बसत नाही. त्या वाटेला जाऊच नकोस.

राहिले ते ‘दोन मिनिटं आहेत का गं’ म्हणत येणारे. ते थांबणार नाहीत, अकाउंट्सकडे सगळ्यांचं काहीतरी असतंच, कुणाचं रीइम्बर्समेंट, कुणाचं बिल. माझ्या पहिल्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते. त्यांना हाक मारली तर ते लगेच वर बघत नसत. आधी फूटपट्टी उचलून चालू ओळीच्या खाली ठेवत, पेन्सिलीनं समासात एक टिंब देत, मग चष्मा कपाळावर आणि मग, “बोला.” तेव्हा मला ते तुसडे वाटायचे. नंतर कळलं की माणूस गेल्यावर ते त्याच टिंबापासून पुढे सुरू करायचे, पुन्हा वरपासून बेरीज करत नव्हते. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये लिहिलं की एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे वळलं तरी मन थोडं मागेच चिकटून राहतं, आणि पुढे असंही सापडलं की सोडायच्या आधी कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं लिहिलं तर ते चिकटणं कमी होतं. हेडक्लार्कांचं टिंब. तुझी ओळ स्क्रीनवर आहे, तर सेल रंगव आणि कीबोर्डशेजारच्या चिठ्ठीवर दोन शब्द लिही, “०४७९ नंतर”, आणि मगच मान वर कर. येणाऱ्याला दहा सेकंद थांबावं लागतं. थांबू देत. आणि शक्य असेल तर रीइम्बर्समेंटसाठी दुपारी चारची वेळ सगळ्यांना सांगून टाक, ग्रुपवर एकदा, गोड शब्दांत.

आता मला सगळ्यात काळजी वाटते ती साडेनऊची. तू शांतता विकत घेतेयस आणि किंमत देतोय तो तुझा मुलगा, तूही. रोज दोन तास फुकट जास्त बसल्यामुळे ऑफिसला त्रास दिसतच नाही, रिटर्न वेळेवर जातंय, साहेबांच्या लेखी सगळं ठीक आहे. हे थांबव. एकदम जमणार नाही, पण या महिन्यात १४ ते २० सोडून बाकी दिवस संध्याकाळी साडेसहाला टेबलावरून ऊठ, काम राहिलं तर राहू दे आणि वहीत लिही की राहिलं. दाबाच्या दिवसांत उशिरा थांबण्यापेक्षा लवकर जाता येतं का बघ, सेल्सवाले दहाच्या आधी येत नसतील तर आठ ते दहा हॉल तुझाच, फक्त तेवढे दोन तास संध्याकाळी लवकर निघायचं हे साहेबांकडून आधी कबूल करून घे, नाहीतर आठ ते साडेसात होईल. सकाळची गर्दी मला माहीत आहे, आठला ठाण्यात पोचायचं म्हणजे साडेसहाला घर सोडायचं, मुलाची शाळा कोण बघणार हे घरी ठरवावं लागेल. नवऱ्याला ते दहा-बारा दिवस सकाळ सांभाळायला सांग. “मदत कर” असं मोघम नको, तारखा कॅलेंडरवर लाल करून स्वयंपाकघरात लाव.

घरून काम करायचं झालं तर वन बीएचकेत अवघड आहे, मान्य. पण कल्याण-डोंबिवलीत अभ्यासिका भरपूर आहेत, एमपीएससीची मुलं बसतात तिथे, महिन्याची फी को-वर्किंगच्या मानानं काहीच नसते. तिथे कुणी कुजबुजलं तरी चार माना वळतात. टूबीच्या आठवड्यात एखादा दिवस साहेबांनी दिला तर लॅपटॉप घेऊन तिथे बस. लॅपटॉप चालतो का आणि प्लग पॉइंट मिळतो का ते आधी विचारून घे, कंपनीचा डेटा आहे म्हणून साहेबांची परवानगी मेलवर घे, आणि फोन मात्र बाहेर जाऊनच.

एक विचारायचं राहिलं. रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, सगळं शांत असताना तुला तासभर आकड्यांत बसता येतं का? येत असेल, आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतं येतं, तर सगळा प्रश्न त्या हॉलचा आहे. तेव्हाही लक्ष लागत नसेल, झोप तुटत असेल, छाती धडधडत असेल तर ते वेगळं, मग आवाजाच्या मागे लागू नकोस, डॉक्टरांकडे जा आणि हे पत्र त्यांना दाखव.

चहा उद्याच घे त्या मुलाबरोबर. साहेबांशी बोलायचं ते वहीत दोन आठवडे भरल्यावर, पण पुढच्या १४ तारखेच्या आधी, टूबी आल्यावर तुला श्वास घ्यायलाही वेळ नसतो. आणि २० उलटली की मला दोन ओळी टाक, हेडसेट आले का आणि मुलगा जागा असताना किती दिवस घरी पोचलीस ते लिही.